बँकेतली ठेव आणि बाजारातला सट्टा : मधली भिंत का हवी?

आमच्या वस्तीतल्या एक मावशी दोन वर्षांपूर्वी सफाई कामगार म्हणून निवृत्त झाल्या. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले. त्यातले तीन लाख एफडीत टाकावेत म्हणून त्या बँकेत गेल्या. साहेबांनी खुर्ची दिली, चहा पाजला, चार-पाच ठिकाणी सह्या घेतल्या. वर्षभराने बँकेतून फोन आला, "मावशी, दुसरा हप्ता भरायचाय." एफडीला हप्ता कसला, म्हणून त्या कागद घेऊन आमच्याकडे आल्या. कागद वाचल्यावर कळले की ती एफडी नव्हतीच. ती शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी होती. दरवर्षी हप्ता भरायचा आणि पाच वर्षे पैशाला हात लावायचा नाही. इकडे मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची तारीख जवळ आली होती. शेवटी फी व्याजाने पैसे काढून भरली.

मावशी एकच वाक्य परत परत बोलत होत्या, "मी बँकेत गेले होते रे बाळा, बाजारात नव्हते गेले."

या लेखाचा विषय हाच आहे. बँक आणि बाजार या दोन वेगळ्या जागा आहेत असे मावशींना वाटते. नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेच्या कायद्यालाही तसेच वाटत होते. त्या कायद्याने दोन्हींच्या मध्ये भिंत बांधली, पुढे ती पाडली गेली आणि त्याची किंमत बाजारात कधीही न गेलेल्या माणसांनीही मोजली. अर्थकारण हा "त्यांचा" विषय आहे असे समजून आपले तरुण या चर्चेपासून लांब राहतात. पण बँकेत पैसे आपलेही आहेत. म्हणून हा विषय आपण मुळापासून समजून घेऊ.

आपले पैसे बँकेत नेमके कुठे असतात?

आपण ठेवलेले पैसे बँक तिजोरीत बांधून ठेवत नाही. काही रक्कम रोख आणि सरकारी रोख्यांत ठेवून बाकीची ती कर्जाने देते. कर्जावर जास्त व्याज घेते, आपल्याला कमी देते. मधल्या फरकावर बँक चालते. हा साधा, थोडा कंटाळवाणा धंदा आहे आणि तो तसाच असावा.

दुसरा धंदा गुंतवणूक बँकेचा. कंपन्यांचे शेअर आणि रोखे बाजारात आणणे, ते विकणे, स्वतःच्या खात्यावर खरेदी-विक्री करणे, भाव वाढेल की पडेल यावर पैसे लावणे. यात नफा मोठा आणि तोटाही मोठा.

हे दोन्ही धंदे एकाच छपराखाली आले की काय होते, ते एका सोप्या हिशोबाने पाहू. समजा एका बँकेकडे १०० रुपये आहेत. त्यातले ९२ रुपये ठेवीदारांचे, ८ रुपये मालकांचे. बँकेने त्यातले २० रुपये शेअरमध्ये लावले. शेअर दुप्पट झाले तर २० रुपयांचा नफा मालकांचा. ठेवीदाराला ठरलेले व्याज मिळते, एक पैसाही जास्त नाही. पण शेअर ४० टक्के पडले तर ८ रुपये बुडाले, म्हणजे मालकांचे सगळे भांडवल संपले. त्याहून एक रुपया जरी जास्त बुडाला, तरी तो ठेवीदाराच्या खिशातून जातो.

जिंकले तर मालकाचे, हरले तर ठेवीदाराचे, असा हा डाव आहे. ठेवीदार बुडू नयेत म्हणून सरकार मध्ये पडते, तेव्हा तोटा सगळ्या जनतेच्या अंगावर जातो. ज्याने पत्ते खेळलेच नाहीत, त्यालाही हरल्याचे पैसे भरावे लागतात.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार वाटे करायला सांगितले आहेत. एक वाटा स्वतःच्या उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. त्याच सुत्तात संपत्ती नासण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत आणि त्यात जुगार आहे. म्हणजे धंद्यात पैसा घालायला धम्माची ना नाही. पण अडचणीसाठी राखलेला वाटा वेगळा ठेवायचा. बँकेतली ठेव म्हणजे लाखो घरांचा हा चौथा वाटा. तो डावावर लावण्याचा अधिकार बँकेला कुणी दिला, हा साधा प्रश्न आहे.

१९३३ : भिंत कशी उभी राहिली

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या बँकांनी शेअर आणि रोखे विकणाऱ्या स्वतःच्या कंपन्या काढल्या. न्यूयॉर्कची नॅशनल सिटी बँक त्यात सगळ्यात पुढे होती. तिच्या सोबतची नॅशनल सिटी कंपनी सामान्य ग्राहकांना रोखे विकत असे. बँकेचे नाव बघून लोक विश्वासाने घेत.

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत अमेरिकेतल्या सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. मार्च १९३३ मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवल्या.

त्याच काळात अमेरिकी सिनेटची एक समिती चौकशी करत होती. तिचे वकील होते फर्डिनांड पेकोरा, इटलीतल्या सिसिलीहून आलेल्या गरीब स्थलांतरित कुटुंबातले. देशातल्या बड्या बँकर्सना त्यांनी साक्षीच्या खुर्चीत बसवले. पेरू देश कर्ज फेडू शकणार नाही, अशी माहिती नॅशनल सिटीच्या आतल्या कागदांत होती. तरीही पेरूचे रोखे ग्राहकांना विकले गेले होते. क्यूबातल्या साखर धंद्याला बँकेने दिलेली बुडीत कर्जे शेअर विकून गुंतवणूकदारांच्या माथी मारली गेली होती. बँकेचे प्रमुख चार्ल्स मिचेल यांना पद सोडावे लागले.

या संतापातून १६ जून १९३३ रोजी बँकिंग कायदा झाला. सिनेटर कार्टर ग्लास आणि प्रतिनिधीगृहाचे सदस्य हेन्री स्टीगल यांच्या नावांवरून तो ग्लास-स्टीगल कायदा म्हणून ओळखला जातो. त्याने दोन कामे एकत्र केली. एक, ठेवी घेणाऱ्या बँकेने शेअर-रोख्यांचा धंदा करायचा नाही आणि तो धंदा करणाऱ्याने ठेवी घ्यायच्या नाहीत. दोन, ठेवींना सरकारी विम्याचे संरक्षण. जे. पी. मॉर्गन या बलाढ्य घराण्यालाही निवड करावी लागली. त्यांनी ठेवी आणि कर्जाचा धंदा ठेवला आणि १९३५ मध्ये मॉर्गन स्टॅनली ही वेगळी गुंतवणूक बँक निघाली.

ही दोन कामे एकाच कायद्यात का आली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. सरकार बँकेला म्हणाले, तुझ्या ठेवींची हमी मी घेतो, पण त्या बदल्यात तू जुगाराच्या टेबलावरून ऊठ. हमी आणि भिंत हा एकच सौदा होता.

१९९९ : भिंत कशी पडली

भिंत एका रात्रीत पडली नाही. १९८७ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने परवानगी दिली की बँकांच्या उपकंपन्यांनी उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत रोख्यांचा धंदा केला तर चालेल. मग १० टक्के झाले. १९९६ मध्ये २५ टक्के झाले. १९९८ मध्ये सिटीकॉर्प आणि ट्रॅव्हलर्स यांनी विलीनीकरण जाहीर केले. बँक, विमा आणि गुंतवणूक बँक एकाच घरात आणणारे हे विलीनीकरण जुन्या कायद्यात कायमचे बसणारे नव्हते. कायदाच बदलला गेला. १२ नोव्हेंबर १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये विरोधात फक्त आठ मते पडली. विरोध करणाऱ्यांपैकी बायरन डॉर्गन यांनी तेव्हाच इशारा दिला होता की दहा वर्षांत याचा पश्चात्ताप होईल.

भिंत गेली, पण हमी राहिली. सौद्यातला बँकेला फायद्याचा अर्धा भाग तेवढा उरला.

सप्टेंबर २००८ मध्ये घरकर्जांवर रचलेला रोख्यांचा डोलारा कोसळला. लेहमन ब्रदर्स बुडाली. ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारने वित्तसंस्थांना वाचवण्यासाठी ७०० अब्ज डॉलरच्या तरतुदीचा कायदा केला. ज्या विलीनीकरणासाठी भिंत पडली, त्यातून निघालेल्या सिटीग्रुपला त्यातले ४५ अब्ज डॉलर द्यावे लागले.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. लेहमन ब्रदर्स ही निव्वळ गुंतवणूक बँक होती. वॉशिंग्टन म्युच्युअल ही मुख्यतः ठेवी घेऊन घरकर्जे देणारी संस्था होती. दोन्ही बुडाल्या. मग भिंत असती तरी काय फरक पडला असता? आक्षेपात तथ्य आहे. वाईट कर्ज देणारी बँक भिंतीच्या आतही बुडू शकते. आपल्याकडची पीएमसी बँक २०१९ मध्ये शेअर बाजारामुळे बुडाली नाही, एकाच बांधकाम समूहाला दिलेल्या कर्जांमुळे बुडाली. म्हणून भिंत हा सगळ्या रोगांवरचा उपाय नाही. पण आग लागल्यावर ती शेजारच्या घरात जाऊ नये, एवढे काम भिंत करते. सट्टेबाज बुडाला तर तो एकटा बुडेल आणि त्याला वाचवण्यासाठी सरकारला ठेवीदारांचे नाव पुढे करावे लागणार नाही.

त्या आगीत कोण होरपळले, हेही आपण पाहिले पाहिजे. महागडी, फसवी घरकर्जे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांत मोठ्या प्रमाणावर खपवली गेली होती. त्याच पात्रतेच्या गोऱ्या ग्राहकापेक्षा त्यांच्याकडून जास्त पैसे घेतल्याच्या आरोपांवरून अमेरिकेच्या न्याय विभागाने खटले भरले. कंट्रीवाइडच्या प्रकरणात २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची आणि वेल्स फार्गोच्या प्रकरणात २०१२ मध्ये १७.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. वर सट्टा चालतो तेव्हा खाली माल कुणाच्या गळ्यात मारायचा, हे समाजातली उतरंड ठरवते. जात भोगलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२००८ नंतर काही दुरुस्ती झाली. अमेरिकेत २०१० च्या कायद्यातल्या व्होल्कर नियमाने बँकांच्या स्वतःच्या खात्यावरच्या सट्ट्याला आळा घातला. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला. मोठ्या बँकांनी सामान्य ग्राहकांच्या ठेवींचा कारभार कुंपण घालून वेगळ्या कंपनीत ठेवायचा, हा नियम तिथे १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. पण १९३३ सारखी पूर्ण भिंत पुन्हा कुणी बांधली नाही.

आपल्याकडे काय आहे?

भारतात ग्लास-स्टीगलसारखी भिंत कधीच नव्हती, कुंपण आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने बँकेला मालाचा व्यापार करायला बंदी घातली आणि इतर कंपन्यांचे शेअर किती घ्यायचे यावर मर्यादा घातली. शेअर बाजाराशी संबंधित गुंतवणूक आणि कर्जे मिळून बँकेच्या स्वतःच्या निव्वळ मालमत्तेच्या ४० टक्क्यांवर जाऊ नयेत, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा २००७ पासून लागू झाली. विमा, म्युच्युअल फंड, शेअर दलाली हे धंदे मात्र बँका उपकंपन्यांमार्फत करू शकतात, आणि करतात.

हे कुंपण ओलांडले की काय होते, याचे तीन धडे आपल्या जवळचे आहेत.

१९९२ चे हर्षद मेहता प्रकरण वेब सिरीजमुळे तरुणांना माहीत आहे. पण त्यात खरा पैसा बँकांचा होता. सरकारी रोख्यांच्या व्यवहाराच्या नावाखाली तो दलालांमार्फत शेअर बाजारात गेला. रोखे नसतानाच पावत्या देणाऱ्यांत बँक ऑफ कराड होती. ती त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

२००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेने केतन पारेख यांच्याशी संबंधित कंपन्यांना मर्यादा सोडून कर्जे दिली. बाजार पडला, बँकेसमोर रांगा लागल्या. दुसऱ्या अनेक लहान सहकारी बँकांनी आपले पैसे तिथे ठेवले होते, त्याही अडकल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना शेअर दलालांना कर्ज देण्यास मनाई केली.

तिसरा धडा विदर्भाचा. २००२ मध्ये नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे पैसे सरकारी रोखे घेण्यासाठी म्हणून होम ट्रेडसह काही खासगी दलाल कंपन्यांकडे गेले. ना रोखे आले, ना पैसे. व्याजासह रक्कम सुमारे दीडशे कोटींची. शेतकऱ्याला पीककर्ज देणारी ही बँक. न्यायालयाने बँकेच्या माजी अध्यक्षासह काहींना दोषी ठरवले ते डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी. तोवर किती खरीप हंगाम गेले, ते मोजून पाहा.

बाबासाहेबांची शिकवण आणि आजचा प्रश्न

बाबासाहेब शेअर बाजाराला अनोळखी नव्हते. बडोद्याहून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईना आणि तो बंद पडला. १९२३ च्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात त्यांनी चलन सरकारच्या मर्जीवर सोडायला विरोध केला आणि रुपयाची किंमत घसरते तेव्हा व्यापाऱ्याच्या फायद्याची किंमत मजुरीवर जगणारा मोजतो हे दाखवून दिले. १९४७ मध्ये "राज्ये आणि अल्पसंख्याक" मध्ये विमा हा राज्याचा एकाधिकार असावा अशी मागणी केली. बँकांच्या या भिंतीबद्दल त्यांचे मत काय असते, हे त्यांच्या तोंडी घालण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण एक सूत्र स्पष्ट आहे. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याच्या चांगुलपणावर विसंबू नका, त्याला नियमाने बांधा.

आज हे सूत्र आठवण्याचे कारण आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने काही प्रस्ताव मांडले. शेअर तारण ठेवून एका व्यक्तीला मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा २० लाखांवरून १ कोटी करावी, नव्या शेअर विक्रीत पैसे लावण्यासाठीचे कर्ज १० लाखांवरून २५ लाख करावे, आणि एका कंपनीने दुसरी कंपनी विकत घेण्यासाठी बँकांनी कर्ज द्यावे. एकेक प्रस्ताव पाहिला तर त्याला कारण आहे आणि यामुळे उद्याच संकट येईल असे आम्ही म्हणत नाही. पण अमेरिकेतली भिंतही ५, १०, २५ अशीच खचली होती. कुंपणाची एक काठी निघते तेव्हा आवाज होत नाही.

दुसरी बाजूही आहे. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर बँक गावात आली. आपल्या तरुणाने पाच लाखांचे व्यवसाय कर्ज मागितले की त्याला हमीदार विचारतात, सिबिल विचारतात, महिनोन्महिने फिरवतात. शेअर तारण ठेवणाऱ्याला तेवढे फिरावे लागत नाही. शेअर कुणाकडे आहेत आणि कुणाकडे नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. ठेवी सगळ्यांच्या असतील तर कर्जाचा ओघही सगळ्यांकडे असला पाहिजे.

आपण काय करू शकतो?

पहिले काम वस्तीतले. मावशींसारखी फसवणूक टाळता येते. बँकेत सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायला शिकवा, "ही ठेव आहे की गुंतवणूक? पावतीवर मुदत ठेव असे लिहून द्या." विमा पॉलिसी गळ्यात पडलीच तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मावशींची ३० दिवसांची मुदत कधीच उलटून गेली होती. तक्रार केली आहे, निकाल अजून आलेला नाही.

दुसरे, बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत, व्याजासह, विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. आपल्या बचत गटांचे, विहार समित्यांचे, जयंती मंडळांचे पैसे कुठे आहेत, हे या महिन्यातच तपासा.

तिसरे, आपल्या सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभेला जा. जेवणाचे कूपन घेऊन परत येऊ नका. संस्थेचा पैसा कोणत्या रोख्यांत, कोणत्या दलालामार्फत गुंतवला आहे, हे विचारा. नागपूरच्या बँकेत हा प्रश्न वेळेवर आणि मोठ्या आवाजात विचारला गेला असता तर?

चौथे, मागणी राजकीय आहे आणि ती आपल्या निवेदनांत आली पाहिजे. ठेवी घेणाऱ्या बँकेचा सट्ट्याशी संबंध कायद्याने तोडावा. बँकेच्या काउंटरवर विमा आणि बाजाराशी जोडलेल्या योजना विकण्याचे टार्गेट बंद करावे. आरक्षण, शिष्यवृत्ती, अत्याचार प्रतिबंध या मागण्यांच्या रांगेत ही मागणी नवखी वाटेल. पण शिष्यवृत्ती ज्या खात्यात येते आणि आई-बापाच्या आयुष्यभराच्या घामाचे पैसे ज्या खात्यात पडून आहेत, ते खाते सुरक्षित राहणे हाही सामाजिक न्यायाचाच भाग आहे.

मावशी बँकेत गेल्या होत्या, बाजारात नाही. त्यांच्यासारख्या प्रत्येकाला हे वाक्य निर्धास्तपणे म्हणता यावे, एवढेच आपले मागणे आहे.

जय भीम.